सोफीची घंटा

वसाहतीच्या अध्यक्षा माननीय बेर्बेल फोग्टबाई, नगरपालिकेच्या उद्यान विभागाचे प्रतिनिधी, रेल्वेरुळांपलीकडच्या 'पाखरांचं रान' या वसाहतीचे अध्यक्ष आणि आज प्रथमच आमच्या व्यासपीठावर पाहुणे म्हणून बसलेले श्री. ब्रूनो हाझे, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती रोझविथा केस्टनरबाई, त्यांच्या कन्या आंट्ये, आणि 'सकाळचं ऊन' वसाहतीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो, शेजारणींनो!

सुरुवातीलाच एक कबूल करतो. माझा धंदा न्हाव्याचा. आयुष्यभर मी लोकांच्या पाठीमागे उभं राहून बोललो, समोर उभं राहून बोलण्याची मला सवय नाही. तेव्हा मधूनच मी कुणाच्या केसांकडे बघायला लागलो तर मनावर घेऊ नका.

पहिली अडचण अशी की आजच्या सत्कारमूर्तींना हाक काय मारावी? आपल्याकडे रीत आहे. घरं शहरात, भाजीचे वाफे इथे; बागेच्या फाटकाबाहेर 'केस्टनरबाई', 'अहो-जाहो'. फाटकाच्या आत पाऊल पडलं की अगं-तुगं. डॉक्टर असो की गवंडी, आत सगळ्यांच्या गुडघ्यांना सारखीच माती. पण आज व्यासपीठ आहे, फुलं आहेत, अध्यक्षांनी इस्त्रीचा शर्ट घाल म्हणून बजावलं आहे. म्हणून जमेल तितका वेळ 'बाई' म्हणतो.

केस्टनरबाई आपल्याला सोडून चालल्या आहेत. रोस्टोकला, लेकीकडे. तिथे गॅलरी आहे, दक्षिणेचं ऊन आहे, आणि समुद्राचा वारा आहे, जो टोमॅटोला मुळीच मानवत नाही. हे मी आंट्येला दोनदा सांगून झालं आहे.

बाईंनी आपल्याला काय दिलं, हे सांगायला फेब्रुवारीपासून सुरुवात करावी लागेल. बाहेर बर्फाचा चिखल, आकाश राखेच्या रंगाचं, आणि याच सभागृहात बाई प्रत्येकाच्या हातात बियांच्या पुड्या ठेवायच्या. "घरी जा, खिडकी पुसून घे, पडदा बाजूला सार आणि पेर." दह्याचे रिकामे डबे, अंड्यांचे पुठ्ठे, काय असेल त्यात. माझी बायको म्हणायची, "दिवाणखाना माझा की मिरच्यांचा?" मार्चमध्ये पहिली जोडपानं निघायची, मग एकेक रोप चमच्याच्या दांड्याने उचलून वेगळ्या डब्यात. मग एप्रिलमध्ये दिवसा बाहेर नेऊन ठेवायचं, संध्याकाळी आत आणायचं, म्हणजे वारा अंगावर घ्यायची त्यांना सवय होते. आपल्या गल्ल्यांतली माणसं त्या दिवसांत एकमेकांना भेटली की पोराबाळांआधी रोपांची चौकशी करतात.

आणि हे सगळं स्वतःसाठी? छे! निम्मी रोपं स्वतःच्या वाफ्यात आणि निम्मी फाटकाजवळच्या टेबलावर. ते टेबल बाईंचं. ज्याला बाजारातली रोपं परवडत नाहीत त्याने तिथून न्यावीत, कॉफीच्या डब्यात जमेल ते टाकावं, नसेल तर टाकू नये. डब्यात कुणी काय टाकलं हे बाईंनी कधी पाहिलं नाही. डबा मुद्दाम पाठीमागे ठेवलेला असायचा. टाळेबंदीने कारखाना गेला तेव्हा आपल्यापैकी किती घरांत त्या टेबलावरच्या रोपांनी उन्हाळा काढून दिला, हे ज्याचं त्याला ठाऊक आहे. मी नावं घेत नाही.

पण त्या टेबलाच्याही आधी घंटा.

लहान मुलांनाही ठाऊक आहे की मेच्या मध्यात बर्फाचे संत येतात, म्हणजे ज्यांच्या सणाला शेवटचा गारठा पडतो ते, एकामागोमाग एक, आणि शेवटी पंधरा तारखेला थंडगार सोफी. तिचा दिवस उजाडल्याशिवाय टोमॅटो, मिरची, काकडी, झेंडू उघड्यावर लावायचे नाहीत. मुळा, वाटाणा, नवलकोल यांना सोफीची भीती नाही, ते आधी जातात. पण कोवळी रोपं थांबतात. आपल्याकडे सोफीच्या दिवशी सभागृहाबाहेरची घंटा वाजते आणि मगच खुरपी जमिनीला लागतात. ही घंटा बाईंच्या हाती देण्यामागे कारण होतं. त्यांनी जन्मभर रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये नोकरी केली. आधीच्या अध्यक्षांचं म्हणणं असं, की जी बाई धडधडत येणारी मालगाडी थांबवते ती आपल्या ओटोकारलाही थांबवील.

ओटोकार, उगाच छताकडे बघू नकोस. दर वर्षी मेच्या पहिल्या उबदार दिवशी हा रोपांचा ट्रे काखोटीला मारून हजर. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आणि कुंपणावरून बाईंचा आवाज यायचा, "सोफी आली का?"

"नाही, पण ऊन बघ की गं काय पडलंय!"

"उन्हाचं नाही विचारलं. सोफी आली का?"

"नाही."

"मग गप घरी जा."

आणि ओटोकार, ज्याने कारखान्यात साहेबाचं ऐकलं नाही, तो मुकाट घरी जायचा. गेली कित्येक वर्षं आपण हा संवाद दर वसंतात ऐकला. तो ऐकला नाही तर वसंत आल्यासारखं वाटत नसे.

आता मला गेल्या वर्षीचं बोलायचं आहे.

खुर्च्या सरकल्या. मला कळतं. आपल्यापैकी काहींनी परवा मला अडवून सांगितलं, "फोल्कमार, ते नको काढूस, निरोपाचा दिवस आहे." त्यांचा हेतू चांगला होता. पण बाईंनी स्वतः मला दुकानात येऊन, खुर्चीत बसून, आरशातून माझ्या डोळ्यांत बघत सांगितलं आहे, "ते सांगायचंच. तू गाळलंस तर मी उठून सांगेन. कुजबुज माझ्यामागे ठेवून मला जायचं नाही." तेव्हा मी सांगतो. पडत्या फळाची आज्ञा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाईंनी मला बियांची पुडी दिली आणि थोड्या वेळाने पुन्हा दिली. मी दोन्ही खिशात घातल्या. मार्चमध्ये त्यांच्या खिडकीतल्या डब्यांना नावाच्या काड्या नव्हत्या. झेंडू म्हणून वाढवलेला कोबी निघाला. आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण त्या हसताना माझ्याकडे बघत होत्या, कोबीकडे नाही. आंट्येला डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते आम्हाला नंतर समजलं. तेव्हा आम्हाला दिसत होतं, आणि आम्ही मूग गिळून बसलो होतो.

एप्रिलच्या अखेरीस आपला श्रमदानाचा शनिवार होता. सगळी वसाहत वाटांवरचं तण काढत होती. ऊन असं, की लोकांनी स्वेटर कुंपणावर टाकले होते. आणि मधल्या वाटेने बाई आल्या. अंगात निळा कोट. तो कोट त्या वर्षातून एकदाच घालतात, सोफीच्या दिवशी. केस माझ्याकडूनच आदल्या दिवशी बसवून घेतले होते आणि मला वाटलं होतं की कुणाचं तरी लग्न असेल. त्या सरळ सभागृहापाशी गेल्या, दोरी धरली, आणि घंटा वाजवली.

एप्रिलमध्ये.

खुरपी जागच्या जागी थांबली. बाई वळल्या, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू! दर वर्षी त्या क्षणी जो असतो तोच. सगळ्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "चला! सुटलात एकदाचे."

कुणीतरी बोलायला हवं होतं ना? एवढी माणसं, त्यात निवृत्त मास्तर, त्यात एक पाद्री. एक वाक्य. 'रोझविथा, आज एप्रिल आहे.' त्यात अवघड काय? पण चारचौघांत, त्या निळ्या कोटासमोर, ते वाक्य कुणाच्या घशाबाहेर येईना.

तेव्हा ओटोकार हलला. आयुष्यभर हाच म्हणत आला होता की आधी लावू द्या, आणि आता त्याच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. तो आमच्यावर खेकसला, "ऐकू नाही आलं का? घंटा झाली. उभे काय राहिलात खांबासारखे?" आणि जाऊन आपला ट्रे घेऊन आला, गुडघ्यांवर बसला, आणि टोमॅटोचं पहिलं रोप त्याने जमिनीत लावलं. मग बेर्बेल गेली. मग मी. मग सगळे. फेब्रुवारीपासून खिडकीत जपलेली, रोज आत-बाहेर केलेली रोपं आम्ही डोळे उघडे ठेवून लावली. टेबलासाठी राखलेलीसुद्धा, कारण बाई प्रत्येक वाफ्याजवळ येऊन बघत होत्या आणि म्हणत होत्या, "टेबलाचीही चार दिवस मातीत राहू देत, दणकट होतील."

चार दिवस गेलेही. मग उत्तरेचा वारा सुटला. ओटोकारचा गुडघा दुखायला लागला, आणि तो रेडिओपेक्षा खरा आहे. बाई घरी गेल्याचं बघून आम्ही संध्याकाळी चोरासारखे पुन्हा फाटकातून आत शिरलो. चादरी, बादल्या, जुने पडदे, वर्तमानपत्रं, मिळेल त्याने रोपं झाकली. आणि त्या धांदलीत आमच्या हातून जे व्हायचं ते झालं. रीमला कुणी सांगितलंच नाही.

रीम तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तेव्हा ती आपल्यात नवी होती. अलेप्पोहून येऊन इथे मूळ धरायच्या खटपटीत. तिला सोफी माहीत नव्हती. तिला एवढंच माहीत होतं की घंटा झाली की गारठा येत नाही, कारण बाईंनीच तिला तसं सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी नाटक म्हणून लावलं. तिने विश्वासाने लावलं. वसाहतीत त्या दिवशी खऱ्या अर्थाने घंटा ऐकणारी ती एकटी.

सकाळी गवत पांढरं झालेलं. झाकलेल्यांतलीही बहुतेक गेली होती. मी वाफ्यापाशी आलो तेव्हा रीम बाईंच्या कुंपणाशी उभी होती. हातात एक काळं पडलेलं, लोंबणारं रोप. तक्रारीचा सूर नव्हता. तिने फक्त विचारलं, "रोझविथा, मी पाणी जास्त घातलं का?"

बाईंनी रोपाकडे पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. आपल्याकडे कुंपणं कमरेएवढीच ठेवायचा नियम आहे, सगळं दिसतं. वाफ्यावाफ्यावर चादरी. मग त्यांनी मला हाक मारली. "फोल्कमार, आज तारीख काय?"

मी आकडा सांगितला.

"महिना विचारतेय."

"एप्रिल," मी म्हणालो.

त्या पालथ्या बादलीवर बसल्या. मग उठल्या आणि एकेका वाफ्यावरची चादर ओढून काढत थेट ओटोकारपाशी गेल्या. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग लावलीस कशाला?"

"तू घंटा वाजवलीस ना."

"अरे, मी चुकले!"

"असेल. घंटा तर नीट वाजली."

आम्हाला वाटलं त्या रडतील. कुठल्या रडतात! अशा कडाडल्या की रुळांपलीकडे ऐकू गेलं असेल. ब्रूनो हाझेसाहेब मान हलवत आहेत, म्हणजे गेलंच होतं. "मी आयुष्यभर सिग्नल दिलेत! चुकीचा सिग्नल पडला तर ड्रायव्हरने शिट्टी मारून ओरडायचं असतं, गाडी आत घालायची नसते! तुम्ही माझं मन राखलंत आणि हिची रोपं मारलीत. तुमच्या खिडक्यांत आणखी चार डबे असतील. हिच्याकडे काय आहे?"

आम्हाला वाटत होतं की आम्ही मोठं मन दाखवलं. आणि त्याची किंमत जिला रीत माहीत नव्हती तिने चुकवली.

मग बाईंनी जे केलं ते मी मुद्दाम तपशिलाने सांगतो, कारण याला हिंमत लागते. 'पाखरांचं रान' वसाहतीशी आपलं वैर किती जुनं, ते का सुरू झालं हे आता दोन्हीकडच्या कुणालाही धड सांगता येत नाही. त्यांनी आपल्या कुंपणांची उंची मोजून नगरपालिकेला कळवली होती, एवढं आठवतं. बाईंनी तो निळा कोट घातला, हातगाडी घेतली, रूळ ओलांडले आणि हाझेसाहेबांच्या फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या चुकीने आमची रोपं गेली. मला तारखा लक्षात राहत नाहीत हल्ली. तुमच्याकडे जास्तीची असतील तर द्या."

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा परक्यांसमोर उच्चारलं. आपल्यासमोर उच्चारायची आपण त्यांना संधीच दिली नव्हती.

हाझेसाहेबांनी हातगाडी भरून दिली. वर एक टोमणाही दिला की 'सकाळचं ऊन' यंदा जरा लवकरच उगवलं म्हणे. पण दिली. उरलेल्यासाठी ओटोकार आणि रीम बाजारात गेले, जिथे मलूल झालेली रोपं दरवाजाजवळच्या मांडणीवर स्वस्तात टाकतात. ओटोकार फुलं आलेली, उंच, दिमाखदार रोपं उचलायचा आणि रीम ती परत ठेवायची. कुंडी उलटी करून मुळं बघायची, मुळं पांढरी असली तर पानं कशीही असोत, घ्यायचं. "हे तुला कुणी शिकवलं?" त्याने विचारलं. "बाईंनी," ती म्हणाली, "आणि आमच्या आजीने. दोघींची भांडणं झाली असती, पण हे एक सारखं सांगतात." बाकी घेवडा, भोपळा, काकडी बाईंनी सगळ्यांकडून मेमध्ये थेट मातीत पेरून घेतली. उशिरा पेरलेलं बी गाठतं, मंडळी. उबदार मातीत ते वेळ भरून काढतं. टेबल लागलं. रीमच्या हातात पहिलं रोप बाईंनी स्वतः दिलं.

त्या संध्याकाळी त्यांनी आमच्याकडून वचन घेतलं, की यापुढे तोंडावर सांगायचं. आणि आम्ही ते पाळलं आहे. वर्षभर पाळलं आहे. "रोझविथा, पुडी दिलीस मघाशी." "रोझविथा, हा कोबी आहे." यंदा त्यांच्या खिडकीत रीम बसायची काड्यांवर नावं लिहायला; आज फाटकाजवळच्या टेबलावर जी रोपं मांडून ठेवली आहेत ती त्या दोघींची आहेत. बाईंच्या स्वतःच्या टोमॅटोचं बी, ज्याला आपण 'लाल सिग्नल' म्हणतो, ते आता वसाहतीतल्या प्रत्येक घरात आहे.

पण एक गोष्ट आमच्या हातून निसटली ती निसटलीच. आज सकाळी मी त्यांना आणायला गेलो. त्या निळा कोट हातात धरून दारात उभ्या. घालू की नको, असं चाललेलं. मला विचारलं, "फोल्कमार, आज तारीख काय?"

"पंधरा मे. आज सोफी."

"खरं?"

"खरं."

त्यांनी कोट हातातच ठेवला. "की पुन्हा माझं मन राखतोयस?"

मंडळी, रोपं दुसरी मिळाली. हे दुसरं कुठून आणायचं? ज्या माणसाला स्वतःच्या स्मरणाचा भरवसा उरलेला नाही, त्याला निदान शेजाऱ्यांच्या शब्दाचा हवा. तोच आम्ही प्रेमापोटी गमावला.

आता समारोप. सभागृह दिल्याबद्दल नगरपालिकेचे, रूबार्बच्या आंबट देठांचा केक आणि बटाट्याच्या कोशिंबिरीसाठी ज्या घरांतल्या चुली पहाटेपासून तापल्या त्या सगळ्यांचे, आणि आंट्ये, तुमची आई इतकी वर्षं आम्हाला वापरू दिलीत म्हणून तुमचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, काही कमी-जास्त झालं असेल, तर न्हाव्याच्या हातून कधी कधी कान जरा कातरला जातो असं समजून पदरात घ्या.

पण एक काम राहिलं आहे. अध्यक्ष हाझेसाहेबांना आज व्यासपीठावर का बसवलं, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. हा माणूस 'सकाळचं ऊन' वसाहतीतल्या कुणाचंही मन कधी राखत नाही. जुना अनुभव आहे. साहेब, जरा उठता का? आणि मोठ्याने सांगता का, आज तारीख काय, महिना कोणता?

ऐकलंत? पंधरा मे. आणि वर म्हणाले, आमची घंटा सकाळीच झाली, तुम्ही नेहमीप्रमाणे मागे. आता तरी विश्वास बसला?

आता 'बाई, बाई' म्हणणं पुरे झालं. आपण फाटकाच्या आत आहोत. रोझविथा, आम्ही तुला खोटं बोललो याची क्षमा मी सगळ्यांच्या वतीने मागतो. पण तू घंटा वाजवलीस आणि आम्ही रोपं लावली, याची मागत नाही. ती आम्ही पुन्हाही लावू. फक्त या वेळी तुला आधी सांगून.

आज सोफी आहे. रात्री गारठा नाही, ओटोकारचा गुडघा शांत आहे. रोपं बाहेर वाट बघतायत.

ऊठ, कोट घाल. दाराबाहेर पडलीस की दोरी तुझ्या डाव्या हाताला आहे.